अब्बांचे वजन भरले, पण ताकद कुठे गेली?

गेल्या पावसाळ्यात अब्बांना न्यूमोनिया झाला. वय 71, त्यात पंधरा वर्षांची साखर, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी नऊ दिवस दवाखान्यात राहावे लागले. घरी आणले तेव्हा वजन 61 किलोवरून 57 वर आले होते. गालफडे बसली होती. स्वतःच्या हाताने शिवलेला कुर्ता त्यांच्या खांद्यावरून ओघळत होता.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगून गेला, "आता यांना अजिबात हलू देऊ नका. आराम आणि खाणं, बस्स!" आम्ही ते मनावर घेतले. आईवडिलांची खिदमत करण्याची संधी रोज मिळत नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा आम्ही त्यांना उचलू दिला नाही. अंघोळीची बादली नातू भरून देई. चपला सून पायाशी आणून ठेवी. ज्या पायाने चालवायच्या शिलाई मशीनवर अब्बांनी चाळीस वर्षे मोहल्ल्याचे कपडे शिवले, ते मशीनही आम्ही पुसून, चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवले.

सहा महिन्यांत वजन पुन्हा 61 झाले. डॉक्टर म्हणाले, "छान." अम्मीने रव्याचा शिरा करून शेजारी वाटला. आम्हीही फोन करकरून नातेवाइकांना कळवले की अब्बा पहिल्यासारखे झाले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी अब्बा घरीच मगरिबची नमाज पढत होते. दुसऱ्या रकातीसाठी सिजद्यातून उठताना ते अडकले. दोन्ही हात जमिनीला टेकले, एकदा जोर लावला, दुसऱ्यांदा लावला. पाय थरथरले, पण शरीर उठले नाही. शेवटी उरलेली नमाज त्यांनी बसूनच पूर्ण केली. सलाम फेरल्यावर दारात उभ्या असलेल्या आमच्याकडे पाहून म्हणाले, "बेटा, वजन तर आलं. मग ताकद कुठं राहिली?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान नाही. पण प्रश्न वडिलांचा होता. धाकट्या बहिणीची मुलगी पुण्यात फिजिओथेरपी शिकते. सुट्टीत ती आली तेव्हा तिला समोर बसवून आम्ही विद्यार्थ्यासारखे शिकून घेतले. तिने सांगितलेले, वाचायला दिलेले आणि आमच्या घरात घडलेले असे सगळे या वेळी वाचकांपुढे ठेवतो. कारण साखर, किडनी, दमा, टीबी, कॅन्सर यांपैकी एखादा लांबणीचा आजार आज बहुतेक घरांत वस्तीला आहे.

एकूण गुण तेच, पण एका विषयात नापास

भाचीने पहिला प्रश्न अब्बांना विचारला, "नानाजान, कपडे नीट बसतात का?" अब्बा शिंपी माणूस. लगेच म्हणाले, "तेच तर सांगत होतो, कुणी ऐकत नाही. लेंगा कमरेत तंग होतो आणि मांड्यांवर ढिला पडतो. वजन तेच असेल, माप बदललंय."

ती हसून आम्हाला म्हणाली, "नानाजानना सगळं कळलंय. उरलंय ते फक्त त्याचं नाव."

आपले वजन म्हणजे हाडे, स्नायू, चरबी, पाणी आणि आतले अवयव यांची बेरीज. काटा फक्त बेरीज सांगतो. शाळेच्या भाषेत सांगायचे तर एखाद्या मुलाचे एकूण गुण गेल्या वर्षीइतकेच आले, म्हणून पालक खूश झाले. पण गुणपत्रक उघडले तर गणितात 30 गुण घटलेले आणि चित्रकलेत 30 वाढलेले. अब्बांचे असेच झाले होते. आजारात चार किलो गेले त्यात स्नायूंचा मोठा भाग होता. आरामात चार किलो परत आले ते बहुतेक चरबीचे.

ही गोष्ट संशोधनातही दिसली आहे. अमेरिकेत पिट्सबर्ग आणि मेम्फिस या शहरांत 1997 साली 70 ते 79 वयाच्या 3,075 लोकांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यांचे वजन, स्नायू, चरबी आणि पायांची ताकद वर्षानुवर्षे मोजली गेली. उतारवयात वजन घटते तेव्हा स्नायू जेवढे जातात, तेवढे ते वजन पुन्हा वाढल्यावर परत येत नाहीत, असे त्यात आढळले. ज्यांना साखरेचा आजार होता त्यांच्या पायांची ताकद इतरांपेक्षा जास्त वेगाने घटत होती, हेही त्याच अभ्यासातून पुढे आले.

स्नायू आणि ताकद अशी झिजण्याला वैद्यकीय भाषेत 'सार्कोपेनिया' म्हणतात. ग्रीक भाषेतील 'मांस' आणि 'उणीव' या दोन शब्दांपासून हे नाव अमेरिकेतील पोषणतज्ज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस सुचवले. त्यापूर्वी आपण सगळे त्याला 'म्हातारपण' म्हणून मोकळे होत होतो.

जाड माणूसही आतून झिजतो

आपल्याकडे हडकुळा माणूस दिसला की 'अशक्त' म्हणतात आणि भरलेला दिसला की 'माशाअल्लाह, तब्येत छान' म्हणतात. पण डोळ्यांना दिसते ते बहुधा चरबीचे असते. कॅनडातील संशोधक कार्ला प्राडो यांनी 2008 साली कॅन्सर असलेल्या 250 लठ्ठ रुग्णांचे स्कॅन तपासले. त्यांपैकी सुमारे 15 टक्के लोकांचे स्नायू धोक्याच्या पातळीपर्यंत कमी झालेले होते. बाहेरून पाहणाऱ्याला ते भरलेलेच दिसत. हेच रुग्ण इतरांपेक्षा लवकर दगावले.

आपल्या भागाशी तर या विषयाचा जवळचा संबंध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते, बीएमआय 22.3. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के निघाली. काट्यावर दोघे बरोबरीचे, आतून मात्र दुपटीहून अधिक फरक.

याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील बाळांचाही अभ्यास केला आहे. तिथली बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोची होती, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची बाळे 3.5 किलोची. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे स्नायूंच्या बाबतीत आपली शिल्लक सुरुवातीपासूनच कमी असते. ज्याच्या गल्ल्यात मुळात थोडे पैसे आहेत, त्याला एक मोठा खर्चही पुरतो. आपल्याला एखादा लांबणीचा आजार तसाच भारी पडतो.

आजारात स्नायू जातात कुठे?

शरीर आजाराशी लढते तेव्हा त्याला प्रथिने लागतात. ताटातून पुरेशी आली नाहीत तर ते घरातलीच साठवण मोडते. ही साठवण म्हणजे स्नायू. शरीरात सतत सूज असली की ही मोडतोड वाढते. भूक मेलेली असते, त्यामुळे आत काही जात नाही. किडनीच्या आजारात रक्तातील आम्ल वाढते, तेही स्नायू कुरतडते. त्यावर अंथरुणाची भर पडते.

अंथरुण किती महाग पडते, याचा एक प्रयोग अमेरिकेत झाला. 2007 साली त्याचे निष्कर्ष छापले गेले. साठी ओलांडलेल्या, धडधाकट लोकांना दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवले. आजार काहीही नव्हता आणि जेवण वेळेवर होते. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांचे स्नायू जवळपास एक किलोने घटले. अब्बा नऊ दिवस तापात झोपून होते. त्यानंतरचे सहा महिने त्यांना आम्ही झोपवून ठेवले.

साखरेच्या रुग्णाला याचा दुहेरी मार बसतो. जेवल्यावर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या हुकमाने उचलून साठवण्याचे सर्वांत मोठे गोदाम म्हणजे स्नायू. गोदाम लहान झाले की माल रस्त्यावर पडून राहतो, म्हणजे साखर रक्तातच राहते. साखर वाढली की स्नायू आणखी झिजतात. अब्बांच्या गोळ्या त्याच होत्या, पथ्य तेच होते, तरी साखर का चढते याचे कोडे आम्हाला सहा महिने सुटले नव्हते. त्याचे एक कारण घरातच, त्यांच्या आरामखुर्चीत होते.

बोटी पोरांना, रस्सा रुग्णाला

भाचीने मग वही मागवली आणि अब्बा दिवसभर काय खातात ते लिहून काढले. सकाळी चहा आणि तीन बिस्किटे. दुपारी भात, पातळ वरण, अर्धी भाकरी. संध्याकाळी यखनी. रात्री मऊ खिचडी आणि कपभर दूध. हिशेब केला तर प्रथिने 30 ग्रॅमच्या आसपास भरली.

गरज किती? आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये निरोगी प्रौढ माणसासाठी दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. म्हणजे 61 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. वयस्कर आणि लांबणीच्या आजाराच्या माणसासाठी तज्ज्ञ किलोमागे 1.2 ग्रॅम किंवा त्याहून अधिक सुचवतात, म्हणजे सुमारे 73 ग्रॅम. अब्बांना निम्मेही मिळत नव्हते, आणि आम्ही समजत होतो की त्यांच्या खाण्यापिण्यात काही कमी नाही.

अम्मीला सर्वांत जास्त धक्का यखनीचा बसला. आठवड्यातून तीन वेळा ती मटण आणून तासन्‌तास उकळायची. "सगळं सत्त्व रश्श्यात उतरतं," असे तिच्या अम्मीने तिला सांगितलेले. म्हणून रस्सा अब्बांना आणि बोट्या पोरांना. खरे पाहता मटणातील प्रथिने मोठ्या प्रमाणात बोटीतच राहतात. रश्श्यात उतरते ते मुख्यतः हाडांमधले आणि सांध्यांमधले जिलेटिन. स्नायू बांधायला लागणाऱ्या घटकांपैकी एक जिलेटिनमध्ये अजिबात नसतो. हा वादही जुना आहे. फ्रान्समध्ये हाडे उकळून काढलेले जिलेटिन गरिबांना आणि दवाखान्यातील रुग्णांना अन्न म्हणून देत असत. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या समितीने कुत्र्यांवर प्रयोग करून 1841 साली अहवाल दिला की नुसत्या जिलेटिनवर प्राणी जगत नाही. यखनी जरूर द्यावी. आजारी माणसाला चव येते, घशाला आराम पडतो. पण बोटीही द्यावी. दात नसतील तर खिमा करावा.

फार खर्च करायला हवा असेही नाही. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात. घट्ट डाळीच्या एका वाटीत साधारण तेवढीच. ग्लासभर दुधात किंवा दह्यात 6 ते 7. शंभर ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये 20 च्या आसपास. मटकीची उसळ, फुटाणे, शेंगदाणे, सोयाबीनच्या वड्या हे सगळे आपल्या स्वयंपाकघरातले आहे. साबुदाण्यात मात्र प्रथिने जवळपास नसतात, आणि आजारी माणसाला आपण प्रेमाने तीच पेज देतो. आणखी एक गोष्ट. सगळी प्रथिने रात्रीच्या एका जेवणात घेण्यापेक्षा तिन्ही वेळेला वाटून घेतलेली चांगली.

एक ताकीद इथे ठळकपणे देतो. किडनीचा आजार असेल तर प्रथिने आपल्या मनाने वाढवू नयेत. डायलिसिस सुरू नसलेल्या रुग्णाला डॉक्टर ती मर्यादित ठेवायला सांगतात, आणि डायलिसिस सुरू झाल्यावर उलट वाढवायला सांगतात. डायलिसिस लागल्यावरही अनेक घरांत जुनेच पथ्य चालू राहते आणि माणूस झिजत जातो. अब्बांची क्रिएटिनिनची तपासणी करून, डॉक्टरांना विचारूनच आम्ही त्यांचे ताट बदलले.

टीबीच्या रुग्णांविषयीही सांगायला हवे. तिथे घटलेले वजन हीच धोक्याची पहिली खूण असते. झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात आयसीएमआरच्या मदतीने मोठा अभ्यास झाला. सुमारे 2,800 रुग्णांना औषधांबरोबर दरमहा धान्य, डाळ, दूध पावडर आणि तेलाची शिधापिशवी देण्यात आली. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन 5 टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी कमी दिसला. ज्या घरांत इतरांनाही धान्य आणि डाळ मिळाली, तिथे नव्याने टीबी होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले. टीबीच्या रुग्णाला सरकारकडून पोषणासाठी मिळणारी मदत नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 500 वरून 1,000 रुपये झाली आहे. लाजेखातर नाव न नोंदवणारी कुटुंबे या हक्काला मुकतात. लाज कसली? आजार हा गुन्हा नाही.

नुसते खाऊन भागत नाही

दुसऱ्या दिवसापासून अब्बांना दोन अंडी सुरू करतो, असे आम्ही उत्साहाने म्हणालो तेव्हा भाचीने थांबवले. "मामा-मावशी सगळे ऐका. वीट आणून टाकली म्हणून भिंत उभी राहत नाही. गवंडी लागतो. स्नायूंचा गवंडी म्हणजे काम."

तिने एक प्रयोग सांगितला तो ऐकून अब्बाही सरळ बसले. अमेरिकेत बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात डॉ. मारिया फियाटारोने यांनी 86 ते 96 वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. आठ आठवडे तो चालला. व्यायाम पूर्ण करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. हे 1990 साली छापून आले. चार वर्षांनी त्यांनीच शंभर वृद्धांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी व्यायाम केला त्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली. ज्यांना व्यायामाशिवाय फक्त पौष्टिक पेय दिले, त्यांच्या ताकदीत फरक पडला नाही.

"शहाण्णव वर्षांचा माणूस?" अब्बांनी पुन्हा विचारले.

"हो, नानाजान."

"मग आम्ही तर पोर आहोत."

घरच्या घरी परीक्षा

आशियातील तज्ज्ञांच्या गटाने 2019 साली काही सोप्या कसोट्या सांगितल्या आहेत. त्यांना यंत्र लागत नाही.

पहिली, पोटरीचे माप. शिंप्याचा टेप पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती धरावा. पुरुषांत 34 सेंटिमीटरपेक्षा कमी आणि स्त्रियांत 33 पेक्षा कमी भरले तर पुढची तपासणी करावी. पायांवर सूज असेल तर हे माप फसवे ठरते. अब्बांनी आपल्याच जुन्या टेपने आपली पोटरी मोजली. 31 भरली. बराच वेळ ते टेपकडे पाहत राहिले.

दुसरी, खुर्चीची उठबस. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसावे. दोन्ही हात छातीवर बांधावेत. पूर्ण उभे राहून पुन्हा बसावे, असे पाच वेळा, जमेल तितक्या भरभर. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर झाले आहेत असे समजावे. शेजारी कुणीतरी उभे राहावेच. अब्बांना तिसऱ्या वेळेला उठता आले नाही.

या कसोट्या निदान नव्हेत. त्या फक्त डॉक्टरांना विचारायचा प्रश्न हातात देतात. पुढच्या वेळी आपण डॉक्टरांना 'वजन किती?' एवढेच विचारणार नाही. 'यांच्या स्नायूंचे काय?' असेही विचारू.

नमाज ही तर आपल्या घरातली रोजची खूणच आहे. उभे राहणे, वाकणे, सिजदा, पुन्हा जमिनीवरून उठणे हे शरीर दिवसातून पाच वेळा करते. ज्याला जमत नाही त्याला बसून, आडवे होऊन पढण्याची रुख्सत आहे, त्यात संकोच बाळगू नये. पण घरातल्या माणसाने कालपर्यंत जमिनीवर होणारी नमाज आज खुर्चीवर सुरू केली, तर 'आता वय झालं' म्हणून सोडून देऊ नये. गुडघा दुखतो की ताकदच उरली नाही, हे विचारावे. आम्ही विचारले नव्हते.

मशीन खाली आले

भाचीने साधा कार्यक्रम आखून दिला. सकाळ-संध्याकाळ खुर्चीवरून उठबस, सुरुवातीला उशी ठेवून खुर्ची उंच करून. ओट्याला धरून टाचा उंचावणे. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली. दर आठवड्याला थोडी भर. छातीत दुखले, चक्कर आली, घाम फुटला तर लगेच थांबायचे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी व्यायाम करायचा नाही. पावलांना जखम आहे का, ते रोज पाहायचे. हे सुरू करण्याआधी डॉक्टरांची परवानगी घेतली.

आणि अब्बांनी एक मागणी केली. "माझं मशीन खाली आणा."

ते आणले तेव्हा पट्टा सुटलेला होता, तेल वाळले होते. अब्बांनी स्वतः बसून ते दुरुस्त केले. पहिल्या दिवशी पाच मिनिटे पाय चालला. महिन्याभराने वीस मिनिटे. आता ते घरातल्या उश्यांचे अभ्रे आणि नातवंडांच्या पिशव्या शिवतात. अंघोळीची अर्धी बादली ते स्वतः भरतात. सुरुवातीला नातू पळत येऊन हातातून घ्यायचा. त्याला समजावावे लागले की दादांच्या हातातून बादली काढून घेणे ही मदत नाही, त्यांच्याजवळ उभे राहणे ही मदत आहे. त्याला समजावताना आम्ही स्वतःलाच समजावत होतो.

चार महिने झाले. वजन 61 वरून साडेसाठ झाले. एका नातेवाइकांनी फोनवर काळजीने विचारले, "वजन उतरलं म्हणे?" आम्ही म्हणालो, "हो, आणि लेंगा कमरेत नीट बसायला लागला." साखर थोडी खाली आली आहे. पोटरी जेमतेम अर्धा सेंटिमीटर वाढली. सिजद्यातून उठताना अब्बा अजून एका हाताने पाट धरतात. कधी कधी दोन रकाती जमिनीवर, उरलेल्या खुर्चीवर. गेलेले सगळे परत येईल, असे भाचीने कधीच सांगितले नव्हते. सहा महिने आधी सुरुवात केली असती तर आणखी परत आले असते, एवढे ती म्हणाली. ते आमच्या वाट्याचे आहे आणि ते आम्हाला सोसावे लागेल.

परवा पुन्हा उठबस मोजली. पाच वेळा, 17 सेकंद. अब्बांनी विचारले, "नापास का?"

आम्ही म्हणालो, "12 च्या आत यायला हवं, अब्बा. पण मागच्या वेळी तर पेपरच अर्धा सोडला होता."

वाचकहो, या महिन्यात एक काम करा. घरातील ज्या बुजुर्गाला लांबणीचा आजार आहे, त्यांच्या ताटात दिवसभर काय पडते ते एका कागदावर लिहा. आपण प्रेमाने त्यांची कोणती कामे काढून घेतली, त्याचीही यादी करा. मग त्यांनाच विचारा की यांपैकी कोणते काम परत हवे आहे. शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या आईवडिलांच्या शरीराचा हक्क त्यांना परत मिळवून देणे हीदेखील खिदमतच आहे.

अल्लाह सर्व आजारी माणसांना शिफा देवो आणि आपल्या घरातल्या बुजुर्गांना आपल्या पायांवर उभे ठेवो. आमीन.